दुसऱ्यानं बांधायचा दोर

३ फेब्रुवारी

धाकट्या,

आशीर्वाद मागितले नाहीस तरी घे. फुकटचे आहेत, परत करता येत नाहीत.

तुझं पार्सल काल पोचलं. आतून खुर्चीवर ठेवायची हवेची गादी निघाली. चिठ्ठी नाही, नाव नाही. पण पाठवणाऱ्याचा पत्ता लिहिल्याशिवाय पोस्टवाले पार्सल घेत नाहीत, आणि तुझं अक्षर म्हणजे चिखलातून चालून गेलेली कोंबडी. लगेच ओळखलं. पत्ता कुठल्याशा गोदामाचा आहे. म्हणजे साहेब आता खोकी भरतात. दोन वर्षांनी भावाचा ठावठिकाणा कळला, तो असा खोक्याच्या पाठीवरून.

गादी कामाची आहे. बसून बसून मागे जखम झाली होती, ती आता भरत आलीय. जखमेचं तुला कुणी सांगितलं म्हणून मावशीला विचारलं, तर ती एकदम भांडी जोरजोरात घासायला लागली. माझी उठबस करायला तिला तूच ठेवून गेलास, तेव्हा ती कुणाच्या पक्षाची आहे ते मला ठाऊक आहे. तुझा नंबरही तिच्याकडे असणार. मी मागणार नाही. फोनवर माझा आवाज चढतो. कागदावर चढला तर खोडता तरी येतो.

एक मात्र बोलल्याशिवाय राहवत नाही. खोक्याला एवढी चिकटपट्टी कशाला रे? मावशी अर्धा तास सुरीनं खरवडत बसली होती. वीतभर सुतळी नाही कुठे. बाबांनी आपल्याला पाटीवर अक्षरं गिरवायच्या आधी गाठी मारायला शिकवल्या. दोघांनी मिळून किती भिंती रंगवल्या, किती गच्च्यांवरून दोर सोडले, आणि तू खोकं चिकटपट्टीनं गुंडाळतोस? बाबा असते तर त्यांनी पार्सल न उघडता परत पाठवलं असतं.

माझं उत्तम चाललंय. जुनी मंडळी येऊन-जाऊन असतात, पत्ते रंगतात, घरात पाऊल ठेवायला जागा नसते. पलंगाच्या वरच्या चौकटीतल्या कड्याला तू दोर बांधून लाकडी दांडी लटकवली होतीस, ती अजून आहे. तिला धरूनच उठतो. दोर काळा पडलाय, मावशी म्हणते बदलू या. म्हटलं, राहू दे.

आणि हो. जे झालं ते झालं. मी तुला केव्हाच माफ केलंय. हे कुणीतरी एकदा लिहून टाकायला हवं होतं, म्हणून लिहिलं. मनात काही ठेवू नकोस.

तुझा,
मोठा

२२ फेब्रुवारी

धाकट्या,

उत्तर नाही. पत्र पोचलं हे मला माहीत आहे, कारण मावशी हल्ली माझ्याकडे बघून उगाच हसते.

इथे एक गंमत झाली. खुर्चीचं डावं चाक अडकायला लागलं. पलंगापासून खिडकीपर्यंत जायचं तर गाडी हटकून मोरीकडे वळायची. मावशीनं कुठून तरी खुर्च्या दुरुस्त करणारा शोधला. तो काल आला आणि खालच्या रस्त्यावरूनच ओरडला, "रंगवाले! खुर्ची खाली पाठवा!"

मी खिडकीशी होतो. म्हटलं, "वर या की. दुसराच मजला आहे."

"मला दुसरा काय आणि बारावा काय! तुम्ही या खाली!"

वाकून पाहिलं तर तो स्वतःच चाकांच्या खुर्चीत. मांडीवर पान्हे-पकडींची पेटी, डोक्यावर टोपी, आणि तोंड असं की सगळी गल्ली याच्या बापाची. आपल्या या इमारतीला लिफ्ट नाही, त्यामुळे त्याला वर येता येईना आणि मला खाली जाता येईना. उंटावरून शेळ्या हाकणारे पाहिले होते, इथे शेळी खालून उंटाला हाका मारत होती.

शेवटी मावशीनं मला पलंगावर घेतलं आणि तळमजल्याच्या छापखान्यातल्या दोघांनी रिकामी खुर्ची खाली नेली. चाकवाला चाक उघडून बसला आणि पलंगावरून मी, रस्त्यावरून तो, अशा आमच्या गप्पा झाल्या. अर्ध्या गल्लीनं ऐकल्या असतील.

"कमरेखाली की मानेखाली?" त्यानं विचारलं.

"कमरेखाली."

"मग नशीबवान आहात, डाव्या हातानं नाक तरी खाजवता येतं. मी झाडावरून पडलो. दुसऱ्याची फळं काढत होतो. देवानं तारीखसुद्धा दिली नाही, जागच्या जागी निकाल! तुम्ही?"

मी सांगितलं की घराच्या बाहेरच्या भिंती रंगवताना पडलो. आमच्या धंद्यात जो खाली लटकतो त्याचा दोर गच्चीवर दुसऱ्यानं बांधायचा असतो, स्वतः बांधायचा नाही, हा आमच्या वडिलांचा कायदा. त्या दिवशी दोर भावानं बांधला होता.

खालून पुन्हा पान्ह्याचा खडखडाट सुरू झाला.

चाक आता लोण्यासारखं फिरतं. जाताना म्हणाला की दर गुरुवारी त्याच्या दुकानात आमच्यासारखे पाच-सहा जण जमतात, तुम्हीही या. दुकान आपल्याच गल्लीच्या टोकाला आहे, पोस्टाच्या पेटीजवळ. मी म्हटलं, बघू. माझ्याकडे तसाही माणसांचा राबता असतो.

मोठा

११ मार्च

धाकट्या,

मावशीनं कबूल केलं. तू महिन्यातून दोनदा तिला फोन करतोस आणि माझं सगळं विचारतोस. म्हणजे पत्त्यांचे डाव नि माणसांचा राबता हे तू वाचलंस तेव्हा तुला हसू आलं असेल. किंवा आलं नसेल. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात आता काय हशील!

कुणी येत नाही.

पहिल्या महिन्यात सगळे आले होते, तू होतास तेव्हा. खोलीत फळं ठेवायला जागा नव्हती. मग दोघं-तिघं यायला लागले. मग फोन. मग 'येतो रे एकदा निवांत'. निवांतपणा कुणाला मिळाला नाही बहुतेक. त्यांचा राग नाही मला. येऊन करणार काय? माझे पाय बघायचे नाहीत म्हणून ते छताकडे बघायचे, आणि छताला ओल आलीय म्हणून मला शरम वाटायची, रंगाऱ्याच्या घराचं छत असं. एकानं माझ्यासमोर मावशीला विचारलं, "यांना चहा चालतो का?" मी कमरेखाली मेलोय, कानाखाली नाही.

पण खरं सांगायचं तर मीच दार लावलं. तू गेल्यावर दोन महिन्यांनी आपला तो पुट्टीवाला बायकोला घेऊन आला होता. बोलता बोलता माझी लघवीची पिशवी सुटली. मला कळलंच नाही. कळणार कसं? त्याच्या बायकोनं पाय उचलून घेतले तेव्हा कळलं. ती बिचारी लगेच फडकं शोधायला लागली. त्यानंतर दार वाजलं की मी झोपेचं सोंग घेतो. मावशी दारात सांगते, "आत्ताच डोळा लागलाय." सहा-सात वेळा डोळा लागलेला बघून माणसं थांबली.

तू मला पाठीवर घेऊन खाली न्यायचास, कट्ट्यावर बसवायचास. मी दर पायरीला शिव्या द्यायचो, हळू चाल, गाढवा. तू गेल्यापासून मी जिना उतरलेलो नाही. दोन वर्षं एक महिना. खोली बारा फूट बाय दहा. तुझ्या बाजूच्या भिंतीवर रोलरचा एक पट्टा दुबार बसलाय, सकाळी ऊन आलं की दिसतो. तो पट्टा मी किती वेळा पाहिलाय याचा हिशोब नाही.

दिवस जात नाही म्हणतात, तसं नाही रे. दिवस जातो. कुठे गेला ते मात्र सांगता येत नाही. सकाळी मावशी येते, अंग पुसते, कूस बदलते, खुर्चीत बसवते. ती गेली की खालचं छापखान्याचं मशीन सुरू होतं आणि संध्याकाळी बंद होतं. मधल्या वेळात मी एक शब्दही बोललेलो नसतो. एकदा सहज बोलून पाहिलं तर आवाज घोगरा आला, दुसऱ्याच कुणाचा तरी.

गेल्या वर्षी एक काळ असा होता की खिडकी बघितली की मला बाहेरचं काही दिसायचंच नाही, फक्त उंची दिसायची. आपण उंची नजरेनं मोजायचो ना, दोर किती लागेल म्हणून? तशी मोजायचो. दोर वगळून. हे मावशीला एकदा बोललो. तिनं त्याच दिवशी माझा पलंग खिडकीपासून लांब ओढला आणि डॉक्टरला घरी बोलावलं. तेव्हापासून मनाची एक गोळी सुरू आहे. थोडा फरक पडलाय. पलंग पुन्हा खिडकीजवळ आलाय, मी हट्ट केला आणि ती आठवडाभर विचार करून 'हो' म्हणाली. तुला हे तिनं सांगितलं नसेल. मीच सांगू नको म्हटलं होतं.

चाकवाल्यालाही सांगितलं. तो हल्ली रोज दुपारी फोन करतो, काम काही नसतं. म्हणाला, "मी दोन वर्षं भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. शेवटी भिंतच कंटाळली." मग जरा थांबून म्हणाला, "गुरुवारी या हो. आम्ही काही विशेष करत नाही. एकमेकांच्या पिशव्यांवर विनोद करतो."

मी 'हो' म्हटलंय. बघू.

मोठा

८ एप्रिल

धाकट्या,

काल गुरुवार होता. गेलो नाही. जाता आलं नाही.

सगळी जय्यत तयारी होती. मावशीनं माझा इस्त्रीचा शर्ट काढला, दाढी करवली. छापखान्यातले ते दोघं वर आले, एक पुढून, एक मागून खुर्ची धरणार. चाकवाला खाली जिन्याच्या तोंडाशी येऊन बसला होता. खुर्ची उतरताना पुढे कलते आणि माझ्या धडाला तोल नाही, म्हणून मला छातीपाशी खुर्चीच्या पाठीला बांधायचं होतं. मावशी पट्टा घेऊन आली.

मी म्हटलं, "द्या इकडे. मी बांधतो."

"अहो, माझे हात काय मोडलेत?"

"मी बांधतो म्हटलं ना."

खालून चाकवाला ओरडला, "रंगाऱ्या! बांधून घ्यायचं असतं! स्वतःला स्वतः बांधणारा माणूस मी पहिल्यांदा बघतोय!"

मी ऐकलं नाही. बांधला. तिसऱ्या पायरीवर पुढच्या माणसाचा हात निसटला, खुर्ची तिरकी झाली आणि मी पुढे कोसळलो. त्याच माणसानं छातीनं अडवलं म्हणून वाचलो. मी त्याला वाट्टेल ते बोललो, धसमुसळा, आंधळा, काय काय. मला वर न्यायला लावलं. त्या दोघांचे चेहरे पडले होते. खाली चाकवाल्याची खुर्ची वळून गेल्याचा आवाज आला.

मावशी आज सकाळपासून माझ्याशी बोलत नाही. फक्त कूस बदलताना म्हणाली, "त्या पोरांचा हात निसटला नव्हता, रंगवाले." आणि गेली.

तू तिकडे काय करतोस? त्या गोदामात तुला कुणी हाक मारतं का? मावशीला विचारलं की तू दुपारी कुणाबरोबर जेवतोस. ती म्हणाली, "एकटाच जेवतो म्हणे." मग म्हणाली की गोदामात खोकी बांधायला तू हात लावत नाहीस, फक्त चिकटवतोस. सुतळीचं काम आलं तर दुसऱ्याला देतोस. बुटांनासुद्धा नाड्या नाहीत म्हणे तुझ्या.

हे मला माहीत नव्हतं. मी पहिल्या पत्रात त्यावर थट्टा केली.

आज इथेच थांबतो.

१९ एप्रिल

धाकट्या,

अकरा दिवस लिहायला बसतोय आणि कागद फाडतोय. आता फाडणार नाही.

तुझी गाठ सुटली नव्हती.

ती मी सोडली. मी, माझ्या हातानं.

त्या सकाळी आपलं वाजलं होतं, आठवतं? त्या घरच्या बाईंसमोर तू म्हणालास, "दादा, डाव्या कोपऱ्यात दुसरा हात कमी बसलाय, खालचा रंग दिसतोय." बस, एवढंच. बाई मान वर करून कोपरा बघायला लागल्या. तू बरोबर बोलला होतास, म्हणून मला जास्त झोंबलं. मी ज्याला ब्रश धरायला शिकवला तो मला चारचौघांत शिकवतो! गच्चीवर जाईपर्यंत मी धुमसत होतो. तू नेहमीसारखा माझा दोर खांबाला बांधलास, म्हणालास, "ओढून बघ, दादा." मी तुझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तू रंगाचा डबा आणायला खाली गेलास.

मला तो डावा कोपरा तू वर यायच्या आत करून टाकायचा होता. दोर दोन हात डावीकडे हवा होता. थांबलो असतो तर तू येऊन बदलून दिला असतास, दोन मिनिटांचं काम. पण तुला सांगायचं म्हणजे तुझं ऐकल्यासारखं झालं असतं. मी तुझी गाठ सोडली, शेजारच्या खांबाला स्वतः बांधली, आणि उतरलो. ओढून बघितलं नाही. रागानं बांधलेल्या गाठीचा पीळ कुठे पडला तेही बघितलं नाही. सगळा दोर माझ्याबरोबर खाली आला, त्यामुळे तो कुठल्या खांबाचा होता हे कुणालाच कळलं नाही.

बाबा म्हणायचे, स्वतःची गाठ माणूस घाईत मारतो, दुसऱ्याची जपून मारतो. आपल्याला वाटायचं म्हाताऱ्याचं काहीतरी.

दवाखान्यात मी डोळे उघडले तेव्हा तू माझा हात धरून म्हणत होतास, "दादा, माझी गाठ सुटली." माझ्या तोंडात नळी होती. बोलता येत नव्हतं, हे खरं. पण चौथ्या दिवशी नळी काढली. मी पाणी मागितलं, उशी मागितली, पाय का हलत नाहीत विचारलं. हे तेवढं बोललो नाही. म्हटलं, जरा बरं वाटलं की सांगू. मग डॉक्टर म्हणाले की पाय परत येणार नाहीत. मग तू माझी अंघोळ, माझी घाण, सगळं करायला लागलास, आणि एक भीती शिरली माझ्यात. वाटलं, याला खरं कळलं तर हा कशाला राहील? गुन्हा त्याचा नाही, मग माझं ओझं त्यानं का वाहावं? तुला धरून ठेवायला माझ्याकडे पाय नव्हते. मी तुझा अपराध धरून ठेवला.

अकरा महिने तू मला पाठीवर वाहिलंस. मग एकदा म्हणालास, मित्रांबरोबर दोन दिवस जाऊन येतो. दोन दिवस! मी काय म्हणालो ते तुला पाठ असेल. "जा की. ज्याच्या गाठीनं मी इथे पडलो त्यानं मजा करायला हवीच." तुझ्या हातात माझ्या जेवणाची थाळी होती. तू ती खाली ठेवलीस, मावशीला निरोप पाठवलास, आणि दुसऱ्या सकाळी गेलास ते गेलासच. मी झोपेचं सोंग घेतलं होतं. तेव्हापासूनच ही सवय.

आणि या फेब्रुवारीत मी तुला लिहितो की मी तुला माफ केलंय! चोराच्या उलट्या बोंबा. ती ओळ आठवली की अंगाची लाही होते.

जिन्यावरही तेच झालं. त्या माणसाचा हात निसटला नव्हता. मी बांधलेला पट्टा सुटला. कुणीतरी आपल्याला बांधतंय, सांभाळतंय हे मला सहन होत नाही, आणि मग पडलो की दोष द्यायला मला दुसऱ्याचा हात लागतो. सुंभ जळला तरी पीळ गेला नाही.

आता शेवटचं. तू जायच्या त्या सकाळी मी एका डोळ्यानं बघत होतो. तू बॅग उचललीस, दारापर्यंत गेलास, परत आलास, आणि माझ्या पलंगावरचा दोर तीनदा ओढून पाहिलास. तो दोर मी दवाखान्यातून घरी आलो त्या आठवड्यात तू बांधला होतास. सात वेळा बांधून सोडलास. आठव्यांदा बांधलास आणि त्यानंतर कुठल्याच दोराला शिवला नाहीस.

त्या दोराला धरून मी उठतो, बसतो, कूस बदलतो, खुर्चीत जातो. दिवसातून तीस-चाळीस वेळा माझं सगळं वजन त्याच्यावर असतं, आता तीन वर्षं झाली. गेल्या आठवड्यात मावशीला स्टुलावर चढवून गाठ बघायला लावली. ती म्हणाली, "तसूभर सरकलेली नाही. ही सोडायची तर कापावीच लागेल."

तेव्हा ऐक, धाकट्या. तुझ्या हातची गाठ कधीच सुटली नाही. मला माफ कर म्हणायला तोंड नाही. पण तू बुटांना नाड्या लाव.

हे पत्र मी मावशीच्या हाती देणार नाही. ती टाकेल पेटीत, पण मग ते दुसऱ्यानं टाकलं असं होईल. पेटी गल्लीच्या टोकाला आहे. मलाच जायला हवं. म्हणून तोवर हे उशीखाली.

२८ एप्रिल, गुरुवार

वरच्याच पत्राला जोडून लिहितोय. पेन्सिल चाकवाल्याची आहे, त्यानं कानामागून काढून दिली.

मी खाली आहे.

सकाळी छापखान्यातल्या त्या दोघांना वर बोलावलं आणि पुढून धरणाऱ्याची माफी मागितली. तो म्हणाला, "असू द्या, तुम्हाला अडवताना माझ्या अंगावरची मशीनची शाई तुमच्या शर्टाला लागली होती, फिट्टंफाट." मग मावशीनं पट्टा बांधला. मी हात मांडीवर ठेवले. ते ठेवून बसणं सोपं नव्हतं. बांधून झाल्यावर तीनदा ओढून बघितलं, कायद्याप्रमाणे. मावशी म्हणाली, "झाली का परीक्षा?" म्हटलं, "झाली. पास."

पहिल्याच पायरीला पाय आपोआप नाचायला लागले, आता ते असेच नाचतात, माझ्या परवानगीशिवाय. मी डोळे मिटले. चौतीस पायऱ्या आहेत. तू पाठीवर न्यायचास तेव्हा कधी मोजल्या नव्हत्या.

बाहेर ऊन एवढं होतं की काही दिसेना. लोक आपापल्या कामाला चालले होते, कुणी थांबून बघितलं नाही. त्याचं वाईटही वाटलं आणि बरंही. चाकवाला पुढे, मी मागे, मावशी ढकलायला. दुकानात चौघं आले होते. मी फार बोललो नाही. आवाज घोगरा लागला तेव्हा एकानं न विचारता पाणी पुढे केलं, एवढंच. त्याचाही पहिल्या दिवशी लागला होता म्हणे.

सगळं छान झालं असं लिहिणार नाही, तुला आता खोटं लिहायचं नाही. तासाभरात पाठ भरून आली आणि आपली खोली आठवली. वर गेल्यावर मशीन बंद झालं की पुन्हा तेच असेल. पुढच्या गुरुवारला सात दिवस आहेत आणि मला ते सातही दिसतायत.

पेटी समोरच आहे. तिचं तोंड माझ्या डोक्याच्या वर आहे, पण हात पोचतो. रंगाऱ्याचा हात आहे.

उत्तर लिहिलंच पाहिजेस असं नाही. ये असंही म्हणत नाही, तो हक्क माझा मीच घालवला. पण पुन्हा कधी काही पाठवलंस तर खोक्याला सुतळी बांध. मी सुरी लावू देणार नाही. बसून हातानं सोडवेन. माझ्याकडे वेळ आहे.

दादा